जहाज मागे वळलं नाही

उज्वला सिन्नरजवळच्या खेड्यातली. तिच्या घराण्यात गोदावरीपेक्षा मोठं पाणी फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. ती मात्र मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर झाली. जहाज कुठून कसं न्यायचं, तो मार्ग नकाशावर आखणं हे तिचं काम.

एका हिवाळ्यात भूमध्य समुद्रात तिला दुर्बिणीतून एक रबरी होडी दिसली. हवा गेलेली, घरदार सोडून युरोपकडे निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. तिनं कॅप्टनला बोलावलं. समुद्रात कुणी बुडत असेल तर जवळच्या जहाजानं त्याला वाचवलंच पाहिजे, हा जगभराचा कायदा. कॅप्टननंही लगेच जहाज थांबवलं. दोराच्या शिडीनं एकेक माणूस वर आला. एका बाईनं छातीशी कापडानं तान्हं मूल बांधलं होतं. ते डेकवर आल्यावर रडलं, तेव्हा ते जिवंत असल्याचं कळलं.

मग कंपनीच्या ऑफिसातून फोन आला. ही माणसं दक्षिणेच्या ज्या किनाऱ्यावरून निघाली, तिथेच त्यांना परत सोडा. युरोपातलं बंदर त्यांना उतरवून घेणार नाही, जहाज उगाच अडकून पडेल. उज्वला शेजारीच उभी होती, तिनं सगळं ऐकलं. त्या किनाऱ्यावरच्या छावण्यांत झालेल्या मारहाणीचे वळ काही जणांनी तिला पाठ उघडी करून दाखवले होते. वाचवलेल्या माणसाला सुरक्षित जागी पोचवायचं, हेही त्याच कायद्यात होतं. पण कॅप्टनची निवृत्ती जवळ आली होती. त्यानं तिला परतीचा मार्ग आखायला सांगितलं.

"सर, तो मार्ग मी आखणार नाही," उज्वला म्हणाली.

ही ऑर्डर आहे, असं त्यानं बजावलं.

"मग मला कामावरून काढा आणि दुसऱ्याला सांगा. पण आपण त्यांना कुठे नेतोय, ते आधी खाली जाऊन त्या बाईला तुम्ही सांगा."

कॅप्टन खाली गेला नाही. तुला हवं ते कर, म्हणाला. उज्वलानं उत्तरेचा, युरोपकडचा मार्ग आखला. बंदराबाहेर त्यांना खूप दिवस ताटकळावं लागलं. खलाशांनी आपल्या वाटणीचं जेवण अर्धं केलं, कुरकुरही केली. अखेर एका छोट्या बंदरानं परवानगी दिली आणि ती माणसं उतरली. पुढच्याच बंदरात कंपनीनं उज्वलालाही उतरवलं आणि घरी पाठवून दिलं.

काही महिन्यांनी कंपनीचा दिनेश नावाचा अधिकारी मुंबईहून गावी, थेट घरी आला. उज्वलाच्या आईनं, मैनाबाईंनी त्याला चहा दिला. तो अदबीनं बोलत होता. वाचवलेल्या माणसांनी, खलाशांकडून त्या फोनचं कळल्यावर, युरोपातल्या कोर्टात कंपनीवर केस केली होती, आम्हाला मरणाच्या दारात परत पाठवत होते म्हणून. आणि कॅप्टननं लिहून दिलं होतं की ऑफिसातून फोन आलाच नाही, उत्तरेला जायचं उज्वलानं एकटीनं ठरवलं. आता तिनंही फोनचं तेवढं नाकारलं, की तिला नव्या जहाजावर वरचा हुद्दा मिळणार होता.

कॅप्टनचं ऐकून तिला वाईट वाटलं. बंदराबाहेरच्या त्या दिवसांत तो माणूसही नीट झोपला नव्हता, हे तिनं पाहिलं होतं.

तिचे वडील कारभारीअण्णा हळू आवाजात म्हणाले, "एक शब्द तर म्हणायचाय, पोरी. साऱ्या जगाचा कायदा काय तू एकटीच धरून बसणार हायेस?"

"अण्णा, तो शब्द मी म्हटला तर ती सगळी माणसं खोटी ठरतील."

ते उठून बाहेर गेले. उज्वला दिनेशकडे वळली. "उत्तरेला जायचं मीच ठरवलं. माझं नाव खुशाल लिहा. आणि फोन आला होता, तेही लिहा."

तिची साक्ष नाशिकमधून झाली, तिला कायद्याची मदत करणाऱ्या अ‍ॅडव्होकेट अदिबा शेख यांच्या ऑफिसातून, व्हिडिओ कॉलवर. कंपनीचा वकील तिकडच्या कोर्टातून सावकाश बोलत होता. जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, आणि किनाऱ्यापासून इतक्या दूरचा समुद्र कुणाचाच नाही. मग कुठल्या देशाच्या कायद्यानं तुम्ही वरिष्ठांना नकार दिलात, असं त्यानं विचारलं.

"ज्या कायद्यानं त्यांना पाण्यातून काढलं, त्याच," उज्वला म्हणाली. "काढेपर्यंत तो सगळ्यांचा होता. सोडायची वेळ आली तेव्हा तो कुणाचाच नाही, असं कसं?"

ही केस ऐकायचा आपल्याला अधिकार आहे, असं त्या कोर्टानं ठरवलं. कंपनी वरच्या कोर्टात गेली; निकाल अजून लागलेला नाही. कारभारीअण्णा काही आठवडे तिच्याशी मोजकंच बोलले. मग एका सकाळी तिला मुंबईला मुलाखतीला जायचं होतं, तेव्हा न सांगता त्यांनी गाडी काढली आणि तिला एसटी स्टँडवर सोडलं.

ती एका लहान जहाज कंपनीची मुलाखत होती. तोवर तिला बऱ्याच ठिकाणांहून नकार आले होते. समोरच्या माणसानं तिची कागदपत्रं बाजूला ठेवली आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय कराल, असं विचारलं.

"हेच करीन," ती म्हणाली, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहत बसली.