सगुणामावशीची घंटी

परभणीच्या चर्चमध्ये नाताळचं मुख्य गीत वर्षानुवर्षं सगुणामावशीच गायची. यंदा गायनवृंद बसवणाऱ्या शांतवन सरांनी ते आपल्या लाडक्या सुनेला दिलं. वर सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, तुमचा सूर फाटलाय. तुमी आपली घंटी धरा." मावशीनं मुकाट्यानं घंटी घेतली, पण डोक्यात जाळ पेटला.

गाण्याला साथ देणाऱ्या घंट्यांच्या ताफ्यात प्रत्येकाच्या हाती एकच सूर असतो. गाणं ज्या सुरावर संपायचं, तो नेमका मावशीच्या हातात आला होता.

नाताळच्या सकाळी सून झकास गायली. शेवटी सरांनी हात उंचावला. मावशीनं घंटी छातीशी गच्च दाबून धरली. गाणं अधांतरी लटकलं.

"मावशी, सूर!" घामाघूम सर कुजबुजले.

"माझा तर फाटलाय ना, सर?" मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात मावशी म्हणाली, "सूनबाईला मागा."