मसाल्याचा वाटा

दुकानात गिऱ्हाईक नसणं वेगळं आणि गिऱ्हाईकानं दुकानासमोरून मान फिरवून जाणं वेगळं. पहिल्याला मंदी म्हणतात. दुसऱ्याला काय म्हणतात ते सिद्धेश्वर आप्पांना मंगळवारी सकाळी कळलं. जिचा दिवस चहापत्तीच्या पुडीशिवाय उजाडत नसे ती साखराबाई रिकामी पिशवी घेऊन समोरून गेली आणि दीड तासानं भरली पिशवी घेऊन परत आली. चिंचदऱ्यात दुसरं दुकान नाही. म्हणजे बाई फाट्यापर्यंत चालत गेली होती. रोज गुडघ्यांच्या नावानं रडणारी बाई!

आप्पा गल्ल्यामागं बसून बघत होते. माणूस काय घेतो यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते ओळखायची त्यांना तीस वर्षांची सवय. पण काही न घेणाऱ्या माणसाचं काय ओळखायचं? दुपारपर्यंत अकरा जण असे गेले. आत त्यांची बायको लक्ष्मम्मा डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "कोण मेलंबिलं का गावात?"

"मेलं न्हाई," आप्पा म्हणाले, "मारून राहिलेत."

झालं होतं ते असं. येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, झाल्यावरच्या पहिल्या रविवारी चिंचदऱ्याची माणसं रानडुकराच्या शिकारीला निघतात. यंदाही निघाली. डोंगराच्या अंगानं आरडाओरडा करत हाका घातला, एक मोठा नर पडला. आप्पांच्या ज्वारीच्या शेताला लागून ओढा आहे. तिथं कडब्याच्या जाळावर त्याचे केस भाजले, अंग खरवडलं, वाटे घातले. सोमवारी आप्पा माल भरायला उदगीरला गेले आणि नेमका त्याच दिवशी जंगलखात्याचा गार्ड दोन माणसं घेऊन गावात आला. कुणाला काही विचारलं नाही, सरळ ओढ्यावर गेला. राखेत जळके केस आणि खूर मिळाले. बाभळीवर वाळत टाकलेली वाघूर, म्हणजे डुक्कर अडवायचं जाड जाळं, तीही मिळाली. वाघूर शिकारीचे म्होरके शेषेराव यांची, हे गावातलं कुत्रंसुद्धा सांगेल. शेषेरावांना शुक्रवारी रेंज हापिसात हजर राहायला सांगून गार्ड गेला.

गावाला अडलं ते त्या 'सरळ' शब्दापाशी. सरळ ओढ्यावर कसा गेला? कुणीतरी सांगितल्याशिवाय?

आता चिंचदऱ्यात असं कुणी सांगणं शक्यच नव्हतं, कारण त्याचा बंदोबस्त जुन्या माणसांनी करून ठेवला होता. घरं एकसष्ट. शिकार कितीही लहान पडो, वाटा प्रत्येक घरी जातो. हाक्याला न आलेल्या घरीही जातो, म्हाताऱ्या विधवेच्या घरीही जातो. पळसाच्या पानावर मूठभर का होईना, पण जातो. ज्याच्या घरी वाटा शिजला त्याचं तोंड बंद. राहतं एक घर, आप्पांचं. लिंगायताच्या दारात मटण ठेवायचं कसं? म्हणून त्यांच्या वडिलांच्या काळापासून उलटी रीत होती. साठ वाट्यांवर साठ पुड्या मसाल्याच्या, आप्पांच्या दुकानातून, फुकट. मांस त्यांचं, येसर, म्हणजे कालवणाचा मसाला, यांचा. खात नसले तरी सामील.

यंदा पुड्या गेल्या नव्हत्या. श्रावणात लक्ष्मम्मा मठात जाऊन आल्या आणि त्यांनी नेम केला, की आपल्या हातचा मसाला त्या पापात पडायचा नाही. मग रविवारी दुपारी बाया एकेक करून दुकानात आल्या आणि खोबरं, खसखस, येसर विकत घेऊन गेल्या. त्याला लक्ष्मम्मांची हरकत नव्हती. देणं म्हणजे सामील होणं, विकणं म्हणजे धंदा. आप्पांना हा हिशोब तेव्हा फार पटला होता.

चारच्या सुमाराला स्वतः शेषेराव आले. ओट्यावर बसले. तंबाखू काढली, मळली, खाल्ली. आप्पांनी तेवढ्या वेळात तीनदा तराजू पुसला.

"उदगीरला गेलते म्हणं," शेषेराव म्हणाले.

"माल भरायला."

"सोमवारीच?"

"दर सोमवारी जातो की मी. वीस वर्षं झाली."

"हाव, ते बी खरं." शेषेराव रस्त्याकडं बघत राहिले. "आप्पा, मी तुमच्यावर शक घेऊन राहिलो न्हाई. पर गाव म्हणतंय, साठ तोंडं बंद हायत. एक मोकळं हाय."

"माझी जवारी डुकरांनी झोपवली, शेषेराव. डुक्कर मेलं तर मला वाईट वाटंल का?"

"तुमाला कशाचं वाईट वाटतं, ते कुठं कळतं कुणाला?" शेषेराव उठले. "उद्या दिवस मावळायच्या आत पारावर बसायचं ठरलंय. या असं म्हणत न्हाई. पर आले तर बरं."

ते गेले आणि आप्पा एकदम शहाणे झाले. संशय आपल्यावर आला, की माणसाला दुसऱ्यावर घ्यायचं फार सुचतं. डोळे मिटून त्यांनी रविवारची दुपार परत उलगडली. कुणी खोबरं नेलं, कुणी नुसता येसर, कुणी उधारीवर लवंगा. एकेक घर बोटांवर मोजलं, दोनदा मोजलं. एकोणसाठ. भागवतच्या घरचं कुणी मसाल्याला आलंच नव्हतं. त्याची बायको उज्वला आली होती खरी, पण कागदी पत्रावळ्या घेऊन गेली. दोन डझन.

वाटा नेला, मसाला नेला नाही, पत्रावळ्या मात्र नेल्या. घरात माणसं चार. आणि त्याच सकाळी लातूरची बारा माणसं दुकानासमोर उभी राहून डोंगरावरच्या महादेवाची वाट विचारत होती. डोक्यावर रंगीत टोप्या, पाठीवर पोटापेक्षा मोठ्या पिशव्या. ट्रेकिंगला आली होती.

आप्पांनी डोळे उघडले. मिशीतल्या मिशीत हसले सुद्धा.

बुधवारी सकाळी ते भागवतच्या शेतात गेले. भागवत हरभऱ्याला पाणी देत होता. आप्पांना बांधावर बघून त्याच्या हातातलं खोरं थांबलं.

"लातूरच्या पाहुण्यांना आवडलं का रे जेवण?" आप्पांनी विचारलं.

भागवतनं आधी डोंगराकडं बघितलं, मग विहिरीकडं, मग खाली बसला. "तुमाला कसं कळलं?"

"दोन डझन पत्रावळ्या."

मग त्यानं सगळं ओकलं. हाक्यात डुक्कर वाघूर चुकवून डोंगराच्या पायवाटेवर चढलं आणि समोर ही बारा माणसं. "सगळे कसे पुतळ्यासारखे उभे! एक साहेब तेवढा बाभळीवर चढला. बाभळीवर, आप्पा! काट्याची शुद्ध न्हाई त्याला. डुकरानं मुसंडी मारली ती त्याच झाडाखालून. पुढं वळणापल्याड दोन कुत्री फाडली, तवा कुठं शेषेरावकाकाचा भाला लागला; ही माणसं काकाला दिसलीच न्हाईत. मी त्या साहेबाला खाली उतरवलं, काटे काढले. मग ते म्हणले, एवढं भेव दाखवलंय तर चव तरी दाखवा. लई मागं लागले. हितंच, विहिरीवर शिजवलं. मसाल्याची पाकिटं त्यांच्याकडंच होती. चरबी लई होती म्हणून दोन तास लागले. भाकरी उज्वलानं केल्या."

"वाटा बाहेरच्याला घातलास."

"हाव."

"फोटो काढले असतील."

"काढू नका म्हणलो. ते म्हणले, फक्त जेवणाचा काढतो." भागवतनं चेहरा पुसला. "आप्पा, काकाला कळलं तर मला हाक्याला बी उभं करायचे न्हाईत. पाणी बी त्यांच्याच पाटातून येतं माझं."

आप्पांनी मोठेपणा घेतला. "मी नाव घेणार न्हाई तुझं. खबऱ्या न्हाई मी. पण आज पारावर तूच आपण होऊन सांग. तुझं तू सांगितलंस तर गाव ऐकून घेतं. दुसऱ्यानं सांगितलं तर घेत न्हाई."

कसं बोललो, असं वाटून ते रस्ताभर खूश होते. नावही घ्यायचं नाही आणि नाव निघाल्याशिवायही राहायचं नाही.

दुपारी जेवायला बसले तेव्हा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"सिद्धेश्वर आप्पा का? वनरक्षक बोलतोय. तुमच्या ज्वारीचा पंचनामा केला मी सोमवारी. फोन लागत नव्हता तुमचा. सही राहिलीय, शुक्रवारी येऊन करून जा. मेसेजही टाकतो."

"कसला पंचनामा?"

"रानडुकरांनी नुकसान केल्याचा. अर्ज केलाय ना तुम्ही ऑनलाइन? गट नंबर सत्तेचाळीस, ओढ्याकाठचा. तिथंच तर ते केस सापडले आम्हाला."

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. महिन्यापूर्वी त्यांनी लोळलेल्या ज्वारीचे फोटो लातूरला मुलाला पाठवले होते. राजशेखर तिथं नोकरीला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला होता, "बाबा, मोबाईलवर सहा आकडे आलेत, ते वाचून दाखवा." आप्पांनी वाचून दाखवले होते. मुलगा काहीतरी चांगलंच करत असणार, असं समजून पुढं विचारलं नव्हतं.

लक्ष्मम्मांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी ताटात आमटी वाढली. "शिव शिव. आता?"

"आता काय?"

"भागवत सांगणार हाय ना आज?"

"हाव."

"मग तुम्हाला बोलायचं कारणच काय?" त्या म्हणाल्या आणि भाताचं भांडं उचलून आत गेल्या. नेमाची बाई, पण नवऱ्याच्या दुकानाचं दार कुठं उघडतं हे तिला बरोबर माहीत होतं.

पारावर साठ घरांची माणसं होती. आप्पांना बसायला जागा झाली ती कडेला, जिथं कुणाचा गुडघा त्यांच्या गुडघ्याला लागणार नाही अशी. शेषेरावांनी घसा साफ केला, पण त्यांनी तोंड उघडायच्या आत भागवत उभा राहिला. त्यानं पाहुणे सांगितले, बाभळ सांगितली, पत्रावळ्या सांगितल्या. शेवटी फोटो सांगितले. मागून कुणीतरी शिवी हासडली. दुसरा म्हणाला, "त्या फोटोवरूनच आला गार्ड." तिसऱ्यानं आप्पांकडं वळून हात जोडले, "चुकलं आप्पा, उगं तुमच्यावर…"

आणि साखराबाई, दोन दिवस फाट्यावर चालून आलेली, लांबून म्हणाली, "मी तर पहिल्यापास्नं म्हणत हुते, आप्पा न्हाईत म्हणून."

आप्पांनी काही केलं नसतं तरी चाललं असतं. नुसतं बसून राहायचं होतं. गुरुवारी सकाळी दुकानात रांग लागली असती. त्यांनी भागवतकडं बघितलं. तो शेषेरावांच्या पायांकडं वाकत होता.

"बस खाली, भागवत," आप्पा म्हणाले. "गार्ड तुझ्या फोटोनं आला न्हाई. माझ्या कागदानं आला."

त्यांनी अर्ज सांगितला, सहा आकडे सांगितले. गाव हसलं.

"आप्पा, पांघरूण घालून राहिलात का या पोरावर?" शेषेराव म्हणाले. "लई मोठं मन हाय तुमचं. पर हे खोटं कुणाला पटंल?"

"खोटं न्हाई."

"तुमी आन् अर्ज? कागदाला बी पैसे पडतात म्हणून तुमी साधी पावती देत न्हाई!"

परत हसू. दोन दिवस त्यांना आपण निर्दोष असल्याचं पटवता आलं नव्हतं. आता दोषी असल्याचंही पटेना. शेवटी आप्पांनी मोबाईल काढला, गार्डाचा मेसेज शोधला आणि शेषेरावांच्या हातात दिला. शेषेरावांनी मोबाईल हात लांब करून धरला. बोट ठेवून वाचलं. अर्ज, पीकनुकसान, गट क्रमांक सत्तेचाळीस, सिद्धेश्वर. परत पहिल्यापासून वाचलं.

हसू कुठं गेलं ते कळलं नाही.

"मुद्दाम न्हाई केलं," आप्पा म्हणाले. "पर केलं मीच."

शेषेरावांनी विचारलं, "जवारी खरंच झोपवली का?"

"अर्धं रान."

"ते गार्डाच्या कागदात आलंय?"

"आलंय. माझी सही तेवढी राहिली."

शेषेरावांनी मोबाईल परत दिला. त्यांच्या चेहऱ्यावरून राग गेला होता असं नाही, पण रागाच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं. "डुक्कर गावाच्या पिकावर पडत हुतं, हे सरकारी कागदावर एकाच माणसाच्या नावानं हाय म्हणायचं. शुक्रवारी हापिसात माझ्यासंगं तुमी चला."

"आन् भागवतचं काय?" कुणीतरी ओरडलं. "बाहेरच्याला वाटा घातला त्यानं. पुढच्या साली त्याच्या घरचा वाटा बंद!"

"बंद केला तर त्याचं बी तोंड मोकळं हुईल की!" दुसरा म्हणाला, आणि ज्यांना हसायचं नव्हतं तेही हसले. भागवतला काय शिक्षा करायची, हे शेवटपर्यंत ठरलं नाही.

शुक्रवारी सकाळी नऊला शेषेराव दुकानासमोर मोटरसायकल घेऊन आले. उतरले नाहीत, हॉर्न वाजवला. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता, सातबारा पिशवीत घेतला होता. लक्ष्मम्मा दारात उभ्या होत्या. दुकानात गिऱ्हाईकं दोन होती, आणि ती माल घ्यायला आली होती की बघायला, ते आप्पांना अजून ओळखू येत नव्हतं.

ते मागं बसले.

"काय सांगायचं ते ठाऊक हाय ना?" शेषेरावांनी मान न वळवता विचारलं.

"जे झालं ते."

"सगळं?"

तेवढ्यात गाडीनं पहिला खड्डा घेतला. पडू नये म्हणून आप्पांना शेषेरावांचा खांदा धरावा लागला. आपल्याला साक्षीदार म्हणून नेतोय की ओलीस म्हणून, हे त्यांना विचारायचं होतं. पण त्या खांद्यावरचा हात काढायची त्यांची तयारी नव्हती, आणि रेंज हापिस अजून बावीस किलोमीटर लांब होतं.