वाचून दाखवले, समजले

लोहाऱ्यात तहसीलसमोरच्या लिंबाच्या झाडाखाली बसून गुंडप्पा तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहीत आले. अंगठा घेण्याआधी सगळा कागद मोठ्यानं वाचायचा आणि मगच खाली ‘वाचून दाखवले, समजले, मान्य’ असं लिहायचं, हा त्यांचा नेम. हल्ली लोक मोबाईल घेऊन येतात, तरी नेम तोच.

त्यांची लेक शिवरंजनी घरी बसून एका बियाणे कंपनीची वेबसाइट सांभाळते. महिन्यापूर्वी साहेबांनी तिला हसत हसत सांगितलं होतं की शेतकरी अटींपाशी रेंगाळतात. तेव्हा अटी दिसू लागल्या की पान आपोआप खाली सरकलं पाहिजे आणि ‘मान्य’च्या बटणावर थांबलं पाहिजे. त्या हसण्याची तिला शिसारी आली. पण शिसारी गिळून तिनं कोडच्या चार ओळी लिहिल्याच, वर शाबासकीही घेतली. नोकरी कुणाला नकोय?

आज गुंडप्पा भर दुपारी घरी आले आणि मटकन खाली बसले. त्यांच्याकडं आलेल्या मथुराबाईंचं सोयाबीनचं बियाणं त्याच कंपनीकडं मोबाईलवर नोंदवायचं होतं. अटी वाचायला जावं तर पान बोटाखालून निसटायचं. सातदा वर नेलं, सातदा घसरलं. दुसऱ्या कुणाकडं जा म्हटलं तर बाई लिंबाखालून हलायला तयार नाहीत.

“बोट थरथरतंय माझं,” ते म्हणाले. “उद्यापासनं म्या बसत न्हाय तिथं. न वाचता मान्य करून घ्यायचं पाप नको.”

शिवरंजनीनं त्यांच्या हाताकडं पाहिलं. बोट कुठंच थरथरत नव्हतं. तिला स्वतःचीच किळस आली. मान खाली घालून तिनं सांगून टाकलं की बोट धड आहे, पानच तसं केलंय, आणि ते तिनंच केलंय.

गुंडप्पांनी लॅपटॉपकडं बोट केलं.

“वाच.”

“अप्पा, इंग्रजीत हाय ते.”

“अर्थ सांगून वाच. मोठ्यानं.”

अटी दिसल्या की पान खाली ने. बटणापाशी थांबव. कुणी वर नेलं तर परत खाली ओढ. वाचताना तिला ओकलेलं पुन्हा गिळावं तसं वाटलं.

शेवटची ओळ संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग उठून त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली.

“समजलं,” ते म्हणाले. “मान्य न्हाय. मथुराबाई बसल्यात तिथं. म्या पोचेपतोर पान थांबलं पायजे.”

ते कोपऱ्यावर वळायच्या आत तिनं चारही ओळी पुसल्या. साहेबांना काय सांगायचं, ते तिला आता पाठ होतं.