बाबांनी कात्री घेतली होती

सहलीला जाताना माणसं टोप्या घेतात, गोळ्या-औषधं घेतात. बाबांनी कात्री, फणी, पाण्याचा फवारा, गळ्याभोवती बांधायचं पांढरं कापड आणि पावडरचा डबा घेतला. "जन्मभर सलून चालवलेल्या माणसाला हात मोकळे ठेवून बसवत नाही," असं त्यांनी आपणहूनच जाहीर केलं, कोणी विचारलेलं नसताना. धाकट्या मुलीने आईकडे बघून डोळे मिचकावले. आईने घाईघाईने तोंड फिरवलं, कारण तिला हसू फुटलं असतं तर बाबांनी तिथेच बॅग रिकामी केली असती.

कात्री कोणासाठी आहे हे तिघांनाही ठाऊक होतं. त्या घराची एक रीत होती. बाबांनी जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. भांडण कितीही पेटलेलं असो, दोन-चार दिवस फुरंगटून झाले की ते कापड झटकायचे, खुर्चीकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "बस." समोरचा बसला की कात्री चालू व्हायची. कोणी चकार शब्द काढायचा नाही. शेवटी मानेवर पावडर लागली की भांडण मिटलं, पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. आईच्या केसांची टोकं तर त्यांनी इतक्या वेळा कापली होती की तिची वेणी कधी खांद्याखाली उतरलीच नाही. यावरून संसार कसा चालला होता ते ज्याने त्याने ओळखावं.

उरला होता फक्त ढब्बू.

ढब्बू म्हणजे थोरला मुलगा. लहानपणी गोल गरगरीत होता, तेव्हापासून हेच नाव चिकटलेलं. बाबांनी त्याला दुकानात उभं केलं, हातात वस्तरा दिला, आणि हात असा बसला की गिऱ्हाइकं बापाला सोडून पोराच्या खुर्चीसाठी थांबायला लागली. बाबांची छाती फुगलेली असतानाच एक दिवस भरल्या दुकानात तो म्हणाला, "मला जन्मभर लोकांची डोकी चाचपायची नाहीत." बाबांनी साबणाच्या हातानेच थोबाडीत ठेवून दिली. गालावर फेस घेऊन पोरगा बाहेर पडला तो पडलाच. दूर एका बेटावर जाऊन तो वाटाड्या झाला, लोकांना ज्वालामुखी दाखवायला लागला. आईला अधूनमधून फोन करायचा, बाबांची चौकशी मात्र कधी नाही. यात बरीच वर्षं गेली. धाकटी औषधांच्या दुकानात नोकरीला लागली, तिने तिथली तिकिटं काढली आणि जेवता जेवता सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "बेट फार हिरवंगार आहे म्हणे." बाबा म्हणाले, "बघू." बाबांचं 'बघू' म्हणजे होच.

आता आईचं म्हणाल तर तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिने ढब्बूला फोनवर सांगून टाकलं, "बाबांनी कात्री घेतलीय, बरं का." पलीकडून तो म्हणाला, "बरं." त्या 'बरं'वर आईने बोटीत अख्खा प्रवास काढला.

बोट लागली. धक्क्यावर ढब्बू उभा होता. वाळला होता, रापला होता, आणि त्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता. तुळतुळीत. दाढी-मिशीसुद्धा नाही.

आईच्या मनात भलतंसलतं आलं, ते तिने झटकून टाकलं. बाबा डोक्याकडे बघत राहिले, मग हातातली बॅग त्यांनी दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "वाळलास."

"चला, गाडी तिकडे आहे," ढब्बू म्हणाला.

सगळा घोळ आपणच घातला, असं आईला वाटत राहिलं. गप्प बसले असते तर पोरगा केसांसकट आला असता! गाडी डोंगर चढायला लागली. दोन्ही बाजूंनी माणसापेक्षा उंच नेचे, दगडादगडावर शेवाळ, झाडांच्या खोडांवर आणखी झाडं. मधूनच जमिनीतून वाफ निघायची आणि कुजक्या अंड्यांसारखा वास यायचा. धाकटी "अय्या, अय्या" करत फोटो काढत होती. आईला त्यातलं काही धड दिसत नव्हतं. ती मागच्या सीटवरून त्या डोक्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिला वेगळंच सुचलं. इतक्या वर्षांनी माणूस मुद्दाम डोकं भादरून येतो, म्हणजे त्याच्या आत अजून धुमसतंय. ज्याचं आपल्याशी देणंघेणं संपलं तो कशाला इतका खटाटोप करेल? रागावलाय ना, मग अजून आपलाच आहे. या विचाराने तिला एवढा धीर आला की तिने बॅगेतून बिस्किटं काढून सगळ्यांना वाटली.

ज्वालामुखीच्या विवराच्या काठावर जायचं तर हेल्मेट घालावं लागतं. ढब्बूने तिघांनाही हेल्मेटं दिली आणि ठरलेलं भाषण सुरू केलं. "आपण सगळ्यांनी कठड्याच्या आत राहायचं आहे. ज्यांचं बायकोशी भांडण झालं असेल त्यांनी मधोमध उभं राहावं." हा विनोद तो रोज करत असणार, कारण तो संपल्यावर हसण्यासाठी त्याने जागा सोडली. धाकटी हसली. खाली पोपटी रंगाचं तळं होतं आणि त्याच्या काठांवरून जंगल उतरत गेलं होतं. तळ्याची खोली, शेवटचा स्फोट, माती इतकी सुपीक का, सगळं त्याने नीट सांगितलं. आईबापाला त्याने सबंध वेळ परक्या पाहुण्यांसारखं 'आपण'च म्हटलं.

त्याआधी, खाली असतानाच, बाबांना हेल्मेटचा पट्टा लावता येत नव्हता. स्वतःचं हेल्मेट अजून न घातलेला ढब्बू पुढे झाला आणि त्यांच्या हनुवटीखाली वाकून पट्टा लावू लागला. बाबांनी श्वास रोखून धरला. ते डोकं त्यांच्या नाकासमोर होतं. तो पुढे निघून गेल्यावर ते आईच्या कानाशी आले.

"एक खुंट नाही. कुठे कापलंही नाही. हात अजून तसाच आहे त्याचा," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

परतताना ढब्बूने सगळ्यांना आपल्या खोलीवर चहाला नेलं. पत्र्याची खोली, एक खाट, भिंतीला दोरखंड आणि हेल्मेटं टांगलेली, खिडकीतून आत घुसू पाहणारी वेल. घरातल्या कोणाचा फोटो नव्हता. कप दोनच होते म्हणून चहा पाळीपाळीने झाला. मग बाबा आणि धाकटी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले, बाबा बॅग मांडीवर घेऊन. आई कप विसळायला थांबली. आता विचारलं नाही तर कधीच विचारता येणार नाही, हे तिला कळत होतं.

"अजून एवढा राग आहे का रे?"

"कोणाचा?"

"बाबांचा. डोकं भादरून आलास ते."

त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि हसला. "हे? अगं, इथे आल्यापासून असंच आहे. हेल्मेटखाली घाम येतो, खाज सुटते. दर आठवड्याला काढून टाकतो."

"पण मी तुला सांगितलं होतं, त्यांनी कात्री घेतलीय म्हणून."

"हो, म्हणालीस खरी. मला वाटलं, सवयीने घेतली असेल."

आईचा हात पाण्यातच राहिला. "केस कापून मानेवर पावडर लावली की भांडण संपलं. आठवत नाही तुला?"

त्याने मनापासून आठवून पाहिलं. ते बघणं आईला फार जड गेलं.

"हां," तो म्हणाला. "असं काहीतरी होतं नाही का आपल्याकडे!" मग तिचा चेहरा बघून तो जवळ आला. "मी रागावलेलो नाही, आई. खरंच नाही. तुम्ही आलात, छान वाटलं. उद्यापासून माझ्याकडे दुसरे लोक आहेत, पण तुमच्यासाठी एक चांगला वाटाड्या सांगून ठेवलाय. धबधबा चुकवू नका."

त्याच्या बोलण्यात कुठे टोमणा नव्हता, कडूपणा नव्हता. आई तो शोधत होती. भांडला असता, कप आपटला असता, "तोंड दाखवू नका" म्हणाला असता तर ती त्याच्या पाया पडून त्याला घेऊन गेली असती. इथे पडायला पायच नव्हते. एका भल्या माणसाने आपल्याला बेट दाखवलं होतं, एवढंच झालं होतं.

ती पदराला हात पुसत बाहेर आली. धाकटी गाडीकडे गेली होती. बाबा उठून उभे राहिले.

"काय म्हणाला?"

आईने त्यांच्याकडे पाहिलं. हेल्मेट काढून ते केस न विंचरताच आले होते, उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"फार राग आहे अजून," ती म्हणाली. "तुमचं नावसुद्धा काढू देत नाही."

बाबांनी मान हलवली. मग हळूहळू त्यांचे खांदे सरळ झाले.

"असणारच," ते म्हणाले. "माझाच मुलगा आहे तो. एवढ्यात कसा विसरेल?" दोन पावलं चालून ते पुन्हा थांबले. "पुढच्या वर्षी परत येऊ आपण. आधी काही कळवू नकोस हं त्याला, म्हणजे केस ठेवलेले असतील."

"हो," आई म्हणाली, "नाही कळवणार."