रांगेत पडलेल्या अकरा ओळी

मी एक जुनी दुरुस्ती आहे. अकरा ओळींची. हसू नका मित्रांनो. छत्रीचं, खुर्चीचं आत्मवृत्त तुम्ही वाचलं असेलच. मला हात लावून बघता येत नाही, एवढाच काय तो फरक.

कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना तो लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतो. तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. कुणीही तो उघडून आत बघावं, काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्ती लिहून पाठवावी, अशी पद्धत. आलेल्या दुरुस्त्या तपासून आत घ्यायचं काम चौघांकडे. त्यांना मुख्य मंडळी म्हणतात. प्रोग्रामच्या वेबसाइटवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'सगळ्यांचं स्वागत आहे.' हे वाक्य लक्षात ठेवा.

मला लिहिणारा लिफ्ट दुरुस्त करतो. इंटरनेटवर त्याने स्वतःचं नाव पाना ठेवलंय, म्हणून मीही तेच म्हणते. कॉलेज नाही, क्लास नाही. चुकत चुकत शिकला. राहतो मावशीकडे. मावशीने तीस वर्षं कपडे शिवले, मग तिची नजर गेली. आता कॉम्प्युटरवर आलेली औषधाची चिठ्ठी तिला तो प्रोग्राम वाचून दाखवतो.

पण त्याला एक खोड होती. चिठ्ठीतल्या शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलेलं नसलं, की त्याला वाटायचं ओळ अजून संपलीच नाही. मग तो ती वाचायचाच नाही. सरळ गप्प. आणि मावशीच्या चिठ्ठीत शेवटची ओळ होती, 'उपाशी पोटी घेऊ नये.'

मावशीने उपाशी पोटी घेतली. स्वयंपाकघरात चक्कर येऊन खाली बसली. पाना घरी आला तर म्हणाली, "माझ्यावर काय डाफरतोस? तुझं मशीन बोललंच नाही. त्याला विचार."

त्याने खरंच त्याला विचारलं. जेवणाच्या सुट्टीत, गच्चीवरच्या लिफ्टच्या खोलीत, हत्यारांच्या पेटीवर लॅपटॉप ठेवून. वर मोटर घरघरतेय, बोटांना ग्रीस. नऊ दिवस शोधलं तेव्हा बिघाड सापडला, आणि मी जन्मले. माझ्यासोबत एक चाचणीही लिहिली. चाचणी म्हणजे मी काम करते की नाही ते तपासायचा नमुना. त्या नमुन्यात त्याने मावशीचीच चिठ्ठी घातली. मावशीने ऐकलं आणि म्हणाली, "आत्ता कसं तोंड उघडलं मेल्याने!"

माझं आयुष्यभरातलं कौतुक एवढंच. पुढे वाचा.

पानाने मला पाठवलं. मुख्य मंडळींतल्या सगळ्यात जुन्या माणसाला सगळे थोरले म्हणतात. त्यांचं उत्तर आलं, 'ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा आमच्या पद्धतीने ठेवा.' ठेवल्या. 'चाचणी वेगळ्या फाइलमध्ये टाका.' टाकली. 'बघतो.'

बघतो म्हणाले आणि गेले.

तिथे आपोआप संदेश पाठवणारं एक यंत्र आहे. साठ दिवस कुणी काही बोललं नाही की ते विचारतं, 'ही दुरुस्ती अजून हवी आहे का? सात दिवसांत उत्तर न आल्यास बंद करू.' म्हणजे गप्प बसले ते, आणि उत्तर द्यायचं पानाने! पाना दर वेळी लिहायचा, 'हो, अजून हवी आहे.' असं दहा वेळा. दीड वर्षाहून जास्त काळ मी रांगेत, आणि माझ्याशी बोलतंय कोण, तर यंत्र. माणूस एकही नाही.

तोवर त्याने मला घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं होतं. पण प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की मी पुसली जायचे. मग तो परत बसवायचा. एका सकाळी आवृत्ती आपोआप आली. पाना कामावर. त्याच दिवशी मावशीच्या नव्या गोळ्या आल्या, नवी चिठ्ठी, शेवटची ओळ तीच. प्रोग्रामने गिळली.

गोळी उपाशी पोटी घेऊन मावशी बाथरूमच्या दारात चक्कर येऊन पडली. मनगट मोडलं. पाच दिवस हॉस्पिटल, पुढे घरी प्लॅस्टर, आणि पाना तिच्या उशाशी. नेमकं तेव्हा यंत्राने अकराव्यांदा विचारलं. सात दिवस उत्तर नाही. शिक्का पडला, 'पाठवणाऱ्याला रस नाही. बंद.'

रस नाही! ज्या बिघाडामुळे तो हॉस्पिटलात बसला होता, त्याच बिघाडाच्या दुरुस्तीत त्याला रस नाही म्हणे.

तीन आठवड्यांनी नवी आवृत्ती आली. यादीत लिहिलेलं, 'आता शेवटची ओळ वाचली जाते. काम : थोरले.' पानाने उघडून बघितलं. अकरापैकी नऊ ओळी मीच होते. आणि चाचणीत मावशीची चिठ्ठी जशीच्या तशी, गोळीच्या नावासकट.

त्याने सभ्यपणे विचारलं, 'ही माझी दुरुस्ती आहे का?'

थोरले म्हणाले, 'तुमची बंद झाली होती. काम झालं ना?'

मंडळींतल्या एका ताईंनी जरा समजुतीने लिहिलं, 'मागे एका अनोळखी माणसाने दुरुस्तीच्या आडून खोडसाळ ओळी घुसवल्या होत्या. तेव्हापासून परक्यांचं लिखाण घ्यायला भीती वाटते. त्यात आम्ही चौघंच, तेही नोकरी सांभाळून.'

मित्रांनो, त्यांची दमछाक मला कळते. भीतीही कळते. पण माझी एवढी भीती होती, तर नऊ ओळी उचलताना हात कसा थरथरला नाही? ओळींवर भरवसा आहे, फक्त माणसावर नाही?

मावशीला काहीच माहीत नव्हतं. प्लॅस्टरचा हात मांडीवर घेऊन म्हणाली, "शेवटी घेतलं ना रे तुझं? नावं असतात म्हणालास ना आत, मदत करणाऱ्यांची? लाव वाचायला. मला ऐकायचंय."

"कशाला मावशी, लांबलचक यादी आहे."

"मला कुठे गाडी पकडायचीय? लाव."

त्याने लावली. तीनशेच्या वर नावं. मावशी एकेक ऐकत होती. प्रोग्रामने अगदी शेवटची ओळसुद्धा वाचली. माझ्यामुळेच वाचली. त्यात पाना नव्हता.

मावशीने कान लॅपटॉपजवळ नेला. मग म्हणाली, "परत लाव. माझंच लक्ष नसेल."

त्याने परत लावली नाही. लॅपटॉप मिटला.

आता ऐका, मुख्य मंडळींनो, हे तुमच्यासाठी आहे. नाही म्हणायचं तर म्हणा. वाईट आहे म्हणा, चालणार नाही म्हणा. पण ते माणसाने म्हणा, यंत्राच्या तोंडून नको. आणि घेतलंत तर ज्याचं घेतलंत त्याचं नाव लिहा. एक ओळ लागते त्याला.

मला धाकटी बहीण आहे. सात ओळींची. चिठ्ठीतली औषधाच्या मुदतीची तारीख प्रोग्राम उलटी वाचतो, महिना आधी आणि दिवस नंतर. ते ती नीट करते. पानाने लिहिलीय, तपासलीय, मावशीच्या कॉम्प्युटरवर ती रोज चालते. त्याने ती पाठवलेली नाही. पाठवणारही नाही म्हणतो.

तुमच्या रांगेत ती कधी दिसणार नाही. म्हणून तुम्हाला वाटत राहील, सगळं ठीक चाललंय.