माझ्या जागी आलेली ती

मी एक क्वेरी बोलतेय. क्वेरी म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा. मुक्काम, वारज्याच्या सुशीलाबाईंच्या डब्यांची वेबसाइट. सहा वर्षं गिऱ्हाइकांची नावं-पत्ते मीच नोंदवत होते. आता ते काम ‘ती’ करते आणि माझा नुसता जळफळाट होतो. खोटं कशाला बोलू?

मला लिहिलं सुशीलाबाईंच्या सुनेनं, पूर्णिमानं. तेव्हा ती पीएचपी, म्हणजे वेबसाइट बनवायची भाषा, नवीनच शिकत होती. गिऱ्हाईक फॉर्ममध्ये जे लिहील, ते जसंच्या तसं ती माझ्या वाक्यात चिकटवायची. पहिली ऑर्डर नोंदली गेली तेव्हा केवढी नाचली होती! “आई, चाललं, चाललं!”

मग दत्तोबा आले. निवृत्त गृहस्थ, एकटे राहणारे. पत्त्यात त्यांनी लिहिलं, तिसरा मजला, दारावर 'बेल एकदाच वाजवावी' ही पाटी आहे. आता पत्त्यात पाटी कोण लिहितं हो? माझ्या वाक्यात पत्ता दोन अवतरणचिन्हांच्या मधे बसतो; त्यामुळे पाटीचं पहिलंच अवतरणचिन्ह आलं आणि मला वाटलं, पत्ता संपला. पुढचं काही कळेना. ऑर्डर नोंदलीच गेली नाही.

दुपारी दोनला त्यांचा फोन. “अहो सुशीलाबाई, आज आपल्याकडे सगळ्यांचाच उपवास आहे का?”

पूर्णिमानं तिच्या खराडीच्या ऑफिसातल्या शहाबाजला मला दाखवलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, “अगं, अजून अशी क्वेरी? नशीब समज. एखाद्या डांबिसानं पत्त्यात आज्ञाच लिहिली असती, तर सगळी यादी पुसली गेली असती. व्हॅल्यू बाइंड कर, म्हणजे पत्ता आज्ञेपासून वेगळा पाठव.”

झालं! ती आली. प्रिपेअर्ड स्टेटमेंट म्हणे. पत्त्याच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. आज्ञा आधी पुढे जाते, पत्ता मागून वेगळा येतो. तो कितीही वेडावाकडा असला तरी आज्ञेत मिसळत नाही. बाईसाहेबांच्या अंगाला काही म्हणून लागत नाही. मी येईल ते पोटात घेतलं, आणि वेंधळी ठरले मीच!

पूर्णिमानं माझ्यापुढे दोन तिरक्या रेघा ओढल्या. म्हणजे मी फाइलीत आहे, पण मला कुणी चालवत नाही. माझ्या खालच्याच ओळीत ती.

दुसऱ्या दिवशी दत्तोबांनी तोच पत्ता पाटीसकट पुन्हा लिहिला. मी टपून बसले होते. अडखळ, अडखळ एकदाची! नाही अडखळली. साडेबाराला डबा पोचला. म्हाताऱ्यानं फोन करून आमटीचं कौतुक केलं. मला आनंद व्हायला हवा होता. नाही झाला.

पूर्णिमा, एकच मागणं आहे. मला पुसून टाक, माझी ना नाही. पण शेजारी बसवून तिचं कौतुक रोज बघायला लावू नकोस गं.