जब्बारला धाडलेला मेसेज

"आदरणीय डॉक्टरसाहेब," चेतना मोबाईलवरून मोठ्यानं वाचत होती, "माझी पत्नी अनुसया हिच्या आजारपणात आपण वेळी-अवेळी घरी येऊन आम्हाला जो धीर दिलात, तो आम्ही कधीच विसरणार नाही..." वाचून झाल्यावर तिनं ओट्यावर बसलेल्या वडिलांकडे पाहिलं. "कसं वाटस, आबा?"

"चांगलं शे. धाड," सुकलाल म्हणाला.

अनुसयाबाईचं तेरावं कालच झालं होतं. तापीकाठच्या प्रकाशा गावात हल्ली ही एक नवी रीत पडली आहे. तेरावं झालं की दारावर बसायला येऊन गेलेल्यांना मोबाईलवर आभाराचा मेसेज जातो. बहुतेक लोक जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून मोकळे होतात. चेतनाला ते नको होतं. ज्यानं जे केलं त्याप्रमाणे त्याचे वेगळे आभार मानले जावेत, असं तिच्या मनात होतं आणि नाशिकला बँकेत परत जायच्या आधी तिला ते उरकायचं होतं. म्हणून ती एआयची मदत घेत होती. कोणाला लिहायचं, त्या माणसानं काय केलं, हे सांगितलं की ते दोन-तीन प्रश्न विचारायचं आणि मग असा सुरेख मजकूर द्यायचं की सुकलाल ऐकतच राहायचा. मनातलं नेमकं बोलायचं, पण शाळामास्तरांच्या भाषेत.

आणि सुकलाल म्हणजे तरी कसा माणूस! साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजता मोजता जन्म गेला, पण तोंडातून शब्द काढायचा तर ह्याच्या अगदी जिवावर यायचं. भाजीत मीठ कमी पडलं तरी बोलला नाही आणि पुरणपोळी जमून आली तरी बोलला नाही. अनुसयाबाईनं त्याची ही सवय हसत हसत पदरात बांधून घेतली होती.

"आते जब्बारकाकाले," चेतना म्हणाली. "सांगा ना आबा, त्यास्नी काय काय करं?"

आणि काय नवल, सुकलाल बोलायला लागला. अनुसयाबाईला लकवा मारला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. खाटेवर पडून पडून पाठ सोलायला लागली, तेव्हा मागच्या गल्लीतला जब्बार पिंजारी न बोलावता आला, तिची गादी खांद्यावर टाकून दुकानात घेऊन गेला. रुई नव्यानं पिंजली, मधले टाके कमी घातले, दिवेलागणीच्या आत गादी परत. तोवर त्याची बायको खातून अनुसयाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. मग चार वर्षं हेच चाललं. रुई बसली की जब्बार हजर. गादी अंथरली की आधी स्वतः तिच्यावर आडवा व्हायचा, टाका टोचतो का बघायचा आणि मग अनुसयाबाईला निजवून विचारायचा, "भाभी, मऊ शे ना?" ती डाव्या हातानं गादीवर दोनदा थोपटायची. तेच तिचं बोलणं. शेवटी तापीवर नेतानाही जब्बारनं खांदा बदलला नाही.

चेतना डोळे पुसत लिहीत होती. 'या व्यक्तीचं तुमच्याशी नातं काय?' असं मोबाईलनं विचारलं. तिनं लिहिलं, शेजारी, गादीवाले. दुसरं काय लिहिणार?

"आदरणीय जब्बारजी," तिनं वाचलं, "माझ्या पत्नीच्या चार वर्षांच्या आजारपणात आपण न बोलावता येऊन तिची गादी पुन्हा पुन्हा पिंजून दिलीत. आपल्या पत्नीनं उशाशी बसून तिची सेवा केली. अखेरच्या प्रवासात आपण खांदा दिलात. आपल्या या निःस्वार्थ सेवेबद्दल मी आपला कायमचा ऋणी आहे. मनःपूर्वक आभार."

"धाड," सुकलाल म्हणाला.

त्या संध्याकाळी जब्बार आला नाही.

मगरिबची नमाज झाली की ओट्यावर येऊन बसायचं, चहा घ्यायचा, फारसं न बोलता गल्लीतून येणारी-जाणारी गुरं बघायची, हा दोघांचा तरुणपणापासूनचा नेम. तेराही दिवस तो चुकला नव्हता. दुसऱ्या दिवशी चेतनानं तीन कप चहा मांडला, तिसऱ्याही दिवशी मांडला. तिसरा कप तसाच थंड झाला.

"काम व्हई त्यासले," चेतना म्हणाली.

"काम ऱ्हायनं तरी तो येस," सुकलाल म्हणाला. परवा पोरगी जाणार. अनुसयाच्या मागे त्याला हक्काचा म्हणावा असा हाच एक माणूस उरला होता. तोही तुटला तर ह्या घरात दिवस काढायचा कसा?

सकाळी तो दुकानात गेला. जब्बारच्या दाढीवर, भुवयांवर रुईचे तंतू बसले होते. त्यानं मान वर केली, पण 'बस' म्हणाला नाही.

"येत नही आजकाल?" सुकलालनं विचारलं.

"काम शे."

"मेसेज भेटना ना तुले?"

"भेटना. सूनबाईनी, अंजुमनी, वाची दाखाडा." जब्बारनं पिंजायचं मशीन बंद केलं. "डॉक्टरले बी आदरणीय, माले बी आदरणीय."

"मंग? खोटं काय शे त्यामा?"

"काहीच खोटं नही, तेच तर! कव्हय गादी लई गऊ, खातून कोठे बसनी, खांदा कसा दिन्हा, सगळं लिखेल शे. सुकलाल, मी एक डाव बी मोजं नही रे. तू मोजी ऱ्हायंता का? कारखानाना काटा घरमा बी चालू व्हता का तुन्हा?" त्यानं हातातली रुई खाली टाकली. "आभार परकासना मानतस. इतला सालमा मी तुन्हा परका कव्हय व्हयनू, तेवढं सांगी दे."

सुकलालला बोलायचं होतं खूप. पण आयुष्यभर न वापरलेली जीभ ऐन वेळी कुठून चालणार! तसाच माघारी फिरला.

चेतनानं ऐकलं आणि तिला रडूच फुटलं. "मन्ही चूक शे, आबा. काका माले पाठीवर बसाडीसन शाळामा लई जायेत, आन मी शेजारी लिखं." तिनं घडलं ते सगळं मोबाईलवर लिहिलं. क्षमा मागणारा मजकूर आला, पहिल्याहून देखणा. सुकलालनं शेवटपर्यंत ऐकून घेतला.

"चांगला शे. पन धाडू नको."

मजकुराखाली एक प्रश्न होता, तोही तिनं वाचला. 'जब्बारकाकांना तुमच्याकडून खरं तर काय हवं असेल, असं तुम्हाला वाटतं?'

"हाई इचारनं बराबर शे," सुकलाल सावकाश म्हणाला. "पन त्याना जवाब मोबाईलमा देता येवाव नही."

तो उठला आणि शिडीनं घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छपरावर चढला. मयताचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. अनुसयाबाईचं सगळं नदीकाठी गेलं होतं. गादी मात्र सुकलालनं भाऊबंदांची नजर चुकवून धाब्यावर नेऊन ताडपत्रीखाली दडवली होती. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चार वर्षं तो तिच्या खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून निजला होता, हात वर केला की तिचा हात लागेल इतक्या जवळ. आता रात्री हात वर जायचा आणि रिकाम्या खाटेची पट्टी लागायची.

गादी खांद्यावर टाकून तो भर दिवसा गल्लीतून निघाला. भाऊबंदांतला भिला दारात उभा होता. "बाबा, हाई आजून फेकी नही?" सुकलाल थांबला नाही.

दुकानात त्यानं गादी जब्बारच्या पुढ्यात टाकली. "हाई पिंजी दे."

जब्बारनं ती क्षणात ओळखली. "तुमनामा मयतनी गादी ठेवतस नही."

"ठेवतस नही. मी ठेवी." सुकलालला धाप लागली होती. "माले नीज येत नही, जब्बार. नवी खोळ घाल. आन सांजलेच जोयजे माले. दुसरं काम बाजूले ठेव."

उभ्या आयुष्यात सुकलालनं कोणाकडे असं हक्कानं काही मागितलं नव्हतं. जब्बारनं खाली बसून कात्रीनं शिवण उसवली. रुई मधोमध दबली होती, एका किरकोळ बाईच्या अंगाएवढी. त्या खळग्यावर त्यानं हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"बस," तो म्हणाला. "उभा काबर शे?"

त्यानं ती रुई मशीनमध्ये घातली नाही. भिंतीवरचं बापाच्या वेळचं, हातानं चालवायचं धनुष्यासारखं पिंजण काढलं, त्याची तात साफ केली आणि सुरुवात केली. सुकलाल शेजारी बसून राहिला. दोघांच्या डोक्यावर रुई उतरत होती.

नमाज आटोपून जब्बार गादी खांद्यावर घेऊन आला. चेतनानं तीन कप चहा मांडला. जब्बारनं रिकाम्या खाटेवर गादी पसरली, सवयीनं आधी स्वतः आडवा झाला, टाके तपासले आणि उठून बाजूला झाला.

"पड," तो म्हणाला.

सुकलाल त्या गादीवर पहिल्यांदाच निजला. त्यानं आढ्याकडे बघितलं, चार वर्षं अनुसया बघत होती तिकडे.

"मऊ शे ना?" जब्बारनं विचारलं.

सुकलालनं डाव्या हातानं गादीवर दोनदा थोपटलं.